तेराव्या अध्यायातली खोली

शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, सगळ्या माणसांत मला आपला वाटतो तो एकटा नहेम्या. त्याच्या नावाचं तिथे तेरा अध्यायांचं पुस्तकच आहे. मोशे मोठा, दावीद मोठा, पण त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. नहेम्या परक्या राजाच्या दरबारात नोकर होता. राजाच्या हातात प्याला देणं हे त्याचं काम. आपल्या यरुशलेम नगराचा कोट पडलाय, वेशी जळून गेल्यात, हे त्याच्या कानावर आलं आणि त्याचं अन्नपाणी सुटलं. एक दिवस राजाने विचारलं, तुझं तोंड का उतरलंय? नहेम्या मनातून घाबरला, पण संधी सोडली नाही. कोट बांधायला जाण्यासाठी रजा मागितली. राजा हो म्हणाला. दुसरा कुणी तिथेच मुजरा करून मागे सरला असता. हा तसाच उभा राहिला. म्हणाला, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं द्या. तीही मिळाली. मग म्हणाला, तुमच्या रानाच्या राखणदाराला सांगून लाकूडही द्या. वेशींच्या दारांसाठी, कोटासाठी, आणि मी राहीन त्या घरासाठी.

लाकूड! मी जुन्या लाकडाचा व्यापारी. चाळी आणि जुन्या इमारती पाडायला काढल्या की आतल्या तुळया, जिने, दारं, खिडक्या उचलायच्या, खिळे काढायचे, रंधा मारायचा आणि विकायचं, यात माझं आयुष्य गेलं. समोरचा खुशीत आहे तोवर सगळं एकदम मागून घ्यायचं, हे मला लालबागच्या चाळीत कुणी शिकवलं नाही. माझे वडील गिरणीत होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. मी गिरगावातल्या वाड्यांच्या ढिगाऱ्यांवर उभा राहून, कंत्राटदारांशी घसा फोडून शिकलो. माझा आवाज मोठा आहे. लोक मला भांडखोर म्हणतात, आणि घरचं माळ्याचं लाकूड काढायचं असलं की पहिला फोन मलाच करतात.

आमचं मराठी मंडळीचं उपासनामंदिर, म्हणजे चर्च, परळला आहे. लहान, दगडी, मोठ्या इमारतींच्या मधोमध बसलेलं. काही वर्षांपूर्वी नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. पन्नाशी ओलांडलेले, गोड बोलणारे, हातात कायम लॅपटॉप. त्यांनी बुधवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू केला. विषय होता, नहेम्या आणि आजचा ख्रिस्ती पुढारी. भिंतीवर चित्रं पडायची, प्रत्येक चित्राखाली एक धडा. पुढारी आधी रडतो. मग प्रार्थना करतो. मग योजना आखतो.

पहिल्याच बुधवारी मी हात वर केला. म्हटलं, "पाळकसाहेब, लाकडाचं राहिलं."

लोक हसले. पाळकही हसले. माझ्या शेजारी बसलेला माझा मित्र मला कोपराने ढोसून म्हणाला, "शेट, इथे तरी वखार बंद ठेव."

हा मित्र म्हणजे आमच्या मंडळीचा चिटणीस. मी आणि तो एका चाळीत, एका मजल्यावर वाढलो. रविवारच्या शब्बाथशाळेत एका बाकावर बसलो, नाताळच्या नाटकात तो मेंढपाळ आणि मी मेंढरू. तो शिकला, बँकेत लागला, आता निवृत्त आहे. मी नववीत शाळा सोडली. तो मला शेट म्हणतो तेव्हा त्यात अर्धी थट्टा असते, अर्धं कौतुक. मला सख्खा भाऊ नाही. भावाची जागा मी त्यालाच दिली होती.

त्याच दिवसांत एका रविवारी उपासनेला एक बाई आली. जालन्याकडची, हातात गाठोडं. मागच्या बाकावर बसली आणि प्रवचन सुरू झाल्याबरोबर झोपली. उपासनेनंतर माझ्या बायकोने तिला हलवून उठवलं. ती घाबरून म्हणाली, "सलाम बाई. माफ करा, रात्री झोप होत नाही." तिच्या नवऱ्यावर इथल्या मोठ्या हॉस्पिटलात उपचार चालले होते. दर काही आठवड्यांनी दोघं यायची आणि उपचार संपेपर्यंत फुटपाथवर राहायची. परळमध्ये राहणाऱ्याला हे नवं नाही. हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर चादरी टाकून, औषधांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं आपण रोज ओलांडतो. पण ती आपल्यासारखीच सलाम म्हणणारी ख्रिस्ती निघाली की पाय अडतो. बायको तिला घरी घेऊन आली, अंघोळीला पाणी दिलं, जेवू घातलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "देवळामागची खोली कशाला आहे हो? बांबूंना झोपायला?"

मंदिराच्या मागे एक खोली होती खरी. तिच्यात मोडके बाक, नाताळच्या ताऱ्याचे बांबू आणि कुबट वास राहायचा. मागची भिंत खचलेली, छप्पर गळकं.

मी नहेम्याप्रमाणे सगळं केलं. तो कुणाला न सांगता एकटा पडका कोट बघायला रात्री गेला. मी दुपारी गेलो, रविवारच्या जेवणानंतर अख्खं परळ आडवं होतं तेव्हा. भिंत ठोकून पाहिली, वासे नखाने टोकरून पाहिले. काय जाईल, काय राहील, मनात बसवलं. मग पंचमंडळापुढे बोललो. मी स्वतः पंचांपैकी एक होतो. नहेम्याने प्रत्येकाला आपापल्या घरासमोरचा कोट दिला. का? कारण माणूस आपल्या घरासमोर कच्चं काम करत नाही. मीही वर्गणी मागितली नाही. प्रत्येक घराला खोलीचा एक तुकडा दिला. नायगावच्या एका विधवा मावशींच्या घराला खिडकी. गिरगावच्या दोन कुटुंबांना फरशी. दादरच्यांना छप्पर, लालबागच्यांना भिंत. चिटणीसाच्या घराच्या वाट्याला कडी-कुलूप आलं. दार माझं.

एकच माणूस बाजूला राहिला. आमच्याच मंडळीतला, लग्नाच्या मंडप-सजावटीचा धंदा करणारा. उपासनेनंतर चहाच्या वेळी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चांगली भिंत बांधताय. उंदीर शिंकला की पडेल."

मी म्हटलं, "नहेम्याचा वैरी तोबीयाही त्याला हेच म्हणाला होता. फक्त त्याने कोल्हा म्हटलं होतं. तुमचा आपला उंदीर."

सगळे हसले. तोही हसला, पण चहा अर्धा टाकून गेला.

दाराची गोष्ट सांगायलाच हवी. गिरगावात एक वाडी पाडायला काढली होती. तिच्या पहिल्या मजल्यावर बर्मा सागाचं दोन पल्ल्यांचं दार होतं. पितळी फुलं, अंगठ्याएवढ्या जाड बिजागऱ्या, इतकी वर्षं जाऊनही कुठे वाक नाही. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडक्यांपाशी उभा राहिलो, हात फिरवला, सुस्कारा सोडला. कंत्राटदाराने ओळखलं की मला खिडक्या हव्यात, आणि खिडक्यांचा भाव चढवला. आम्ही खिडक्यांवरून एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. मी निघालो. जिन्यात थांबून म्हटलं, "बरं, एवढ्या लांब आलो, ते दार तरी दे, रिकाम्या हाताने कुठे जाऊ." त्याला वाटलं, खिडक्या वाचल्या. त्याने दार देऊन टाकलं. ते दार मी विकलं असतं तर कुणा दिग्दर्शकाच्या बंगल्यात गेलं असतं. मी ते देवाच्या खोलीला लावलं.

खोली झाली. चार गाद्या, पंखा, पाण्याचं पिंप. अर्पणाच्या उपासनेत पाळकांनी प्रत्येक घराचा वाटा मोठ्याने सांगितला. खिडकी अमक्या घराची, फरशी तमक्या घराची. प्रत्येक घर उभं राहून मान लववत होतं. जालन्याची बाई आणि तिचा नवरा पहिले आत गेले. त्याने दाराच्या पितळी फुलावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाड्यात आल्यासारखं वाटतंय." एवढ्यात मला सगळं मिळालं.

चावी मी चिटणीसाच्या हातात दिली. हेही पुस्तकाबरहुकूम. कोट पुरा झाल्यावर नहेम्याने नगर आपल्या भावाच्या हवाली केलं होतं.

पाळकांचा अभ्यासवर्गही त्याच सुमारास संपला. सहाव्या अध्यायात कोट पुरा होतो, तिथे. समोसे झाले, फोटो झाला. मी विचारलं, "साहेब, पुढचे अध्याय?"

"पुढे बहुतेक नावांच्या याद्या आहेत हो," पाळक म्हणाले. "नेतृत्वाचं सगळं सहापर्यंत येऊन जातं."

"आणि तेरावा?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. "तो जरा वेगळा आहे," म्हणाले.

मला नेतृत्वावर कुणी बोलायला बोलावत नाही, आणि आता तर बोलावणारच नाही. पण बोलावलं तर मी तेराव्यापासून सुरू करीन. कोट पुरा झाल्यावर नहेम्या आपल्या राजाकडे परत गेला. काही काळाने पुन्हा आला, तर मुख्य याजकाने काय केलं होतं? मंदिराच्या आवारातली मोठी खोली, जिथे अर्पणाचं धान्य आणि लेव्यांचा, म्हणजे मंदिराच्या सेवकांचा, वाटा ठेवायचे, ती तोबीयाला देऊन टाकली होती. त्याच तोबीयाला, कोल्हा म्हणणाऱ्याला. कारण काय, तर सोयरसंबंध. कोट शत्रूने पाडला नाही. आतल्यांनी आत जागा करून दिली. मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता. वाचून माणूस सावध होतो असं मला वाटायचं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून आम्ही दोघं मुलीकडे नाशिकला गेलो. दोन-अडीच महिने तिथेच राहिलो. चिटणीसाचा दर रविवारी फोन यायचा. "कसा आहे गुडघा? घोडा झालास की नाही?" मी खोलीचं विचारलं की म्हणायचा, "सगळं ठीक. तू आराम कर."

परत आलो त्याच आठवड्यात बायकोचा फोन वाजला. जालन्याची बाई होती. बायकोने स्पीकर लावला, म्हणून मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

"बाई, आम्ही इथं रस्त्यावर हावोत. मागच्या खेपेला पण रस्त्यावरच होतो. चिटणीस साहेब म्हणले, तुमच्या मालकांनी खोली बंद केली. काही चुकलं का वो आमचं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं.  

मी काठी टेकत मंदिरामागे गेलो. दाराला कुलूप. मावशींनी दिलेल्या खिडकीतून आत पाहिलं. लाल मखमलीचा नवरानवरीचा सोफा, दोन सोनेरी सिंहासनं, फायबरचे खांब, प्लास्टिकच्या गुलाबांच्या कमानी. आमच्या चार गाद्या गुंडाळून खांबांच्या बुडाशी टेकू म्हणून लावलेल्या.

चिटणीसाला फोन करून बोलावलं. तो चावी घेऊन आला, पण चावी मुठीतच ठेवली.

"कुणाचं सामान हे?"

"अरे, तात्पुरतं आहे. त्याचं गोडाऊन गेलं."

"उंदीरवाल्याचं?"

"हळू बोल. पाळकसाहेबांच्या मुलीचं त्याच्या पुतण्याशी जमलं. तुला सांगणारच होतो. लग्नापर्यंत ठेवू द्या म्हणाले पाळक. मी चिटणीस आहे रे, मी काय करणार?"

"आणि पेशंटची माणसं?"

"त्यांना सांगितलं, खोलीचं काम चाललंय."

"फक्त एवढंच सांगितलंस?"

तो माझ्या काठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू इथे नव्हतास. नाव कुणाचं तरी घ्यावं लागतं. लोक तुझ्यावर चिडले तरी तुला काय फरक पडतो? तुझी सवयच आहे सगळ्यांशी भांडायची."

एवढ्या वर्षांत माझ्याशी अनेकांनी लबाडी केली. कुजकी तुळई रंग मारून विकली, उचललेला माल रस्त्यात बदलला. ते धंद्यातलं होतं. मीही कमी केलं नाही. पण माझ्या भावाने माझा मोठा आवाज, माझा राग, माझी बदनामी, हे सगळं हिशोबात धरलं होतं. खोटं कुणाच्या नावावर खपेल, तर माझ्या, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. एवढा बारकाईने ओळखणारा माणूस दुसरा कोण होता मला?

मी त्याच्या मुठीतून चावी काढून घेतली. दार उघडलं आणि नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं तसं फेकायला लागलो. कमानी गेल्या, गुलाब गेले. एक सिंहासन फरशीवर आपटलं, त्याचा पाय मोडला. आतून थर्माकोल निघाला. आवाजाने पाळक आले. सजावटवाल्याला कुणीतरी फोन केला, तोही टेम्पोतून उतरला आणि मोडक्या सिंहासनाकडे बघून ओरडू लागला.

पाळक मात्र शांत होते. "आपण पुढारी आहात," ते मला म्हणाले. "पाचव्या अध्यायात नहेम्याला राग आला तेव्हा तो थांबला, मनाशी बोलला, मग तोंड उघडलं. आपण शिकलोय हे."

"पाचव्यात थांबला तो," मी म्हटलं. "तेराव्यात नाही थांबला. तेराव्यात त्याने माणसांचे केस उपटले. तुम्ही ते चित्र भिंतीवर दाखवलं नाहीत."

सजावटवाल्याने नकळत डोक्यावर हात नेला. ते आठवलं की मला अजून हसू येतं. पण त्यानंतर चिटणीस जे बोलला ते आठवलं की हसू जातं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अध्याय पाठ करून कुणी नहेम्या होत नाही रे. एक दार दिलंस म्हणजे देऊळ तुझं झालं नाही."

सामान पुन्हा आत गेलं, कुलूप लागलं, चावी पुन्हा चिटणीसाकडे गेली. पंचमंडळाची बैठक बसली. पंच म्हणून मी काही काळ विश्रांती घ्यावी, असं ठरलं. विश्रांती हा पाळकांचा शब्द. हात वर करून मत घेतलं. सगळ्यात आधी हात वर गेला तो चिटणीसाचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून मग केले.

मी घरी आलो आणि बायकोसमोर पुन्हा सगळं ओरडून सांगितलं. याजक, तोबीया, सोयरीक, केस. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरडाओरडा करून तुम्ही कधी एक फळी तरी स्वस्त आणलीत का?"

तिने पुढची जुडी ओढली.

"गिरगावच्या दारावर तुम्ही ओरडलात का? तुम्ही खिडक्यांवर ओरडलात."

हे तिला मीच कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. ती पुढे म्हणाली, "त्या खोलीत तुमचं काय आहे?"

"माझं? दार."

एवढं बोललो आणि तिच्याकडे बघत राहिलो. ती पुन्हा भाजीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या मालवणी सुतारमिस्त्रीला घेऊन मंदिरामागे गेलो. त्यानेच ते दार बसवलं होतं. "शेटानू, दार काढूचा?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी बसवताना माझो जीव खाल्लास, आणि आता काढतास?" मी म्हटलं, "आताही खाणार आहे. एक ओरखडा आला तर बघ." त्याने बिजागऱ्यांचे खिळे काढले, पल्ले उतरवले. कुलूप कडीत तसंच लटकत होतं, दोन्ही पल्ल्यांना एकत्र धरून. आम्ही कुलपाला हात लावला नाही. आतल्या मखमलीलाही नाही.

टेम्पोत चढवत होतो तेव्हा चिटणीस धावत आला. धापा टाकत म्हणाला, "देवाला दिलेलं परत नेतोस? लाज नाही वाटत?"

"परत कुठे नेतोय?" मी म्हटलं. पहिल्यांदाच मी त्याच्याशी इतक्या हळू आवाजात बोललो असेन. "दुरुस्तीला नेतोय. तूच लोकांना सांगितलंस ना, खोलीचं काम चाललंय? आणि मी खोली बंद केली म्हणालास. बंद करणाऱ्यानेच उघडली, बस."

मिस्त्री दुसरीकडे तोंड करून खोकला.

आता ज्याला धंदा कळतो त्याला पुढचं सांगायला नको. दार नसलेल्या खोलीत माणूस झोपू शकतो. आवाराला फाटक आहे, फाटकावर वॉचमन आहे. फुटपाथवर झोपलेल्याला तेवढं पुष्कळ. पण दार नसलेल्या खोलीत मखमलीचा सोफा कुणी ठेवत नाही. त्याच संध्याकाळी सजावटवाल्याचा टेम्पो आला आणि सामान घेऊन गेला. मी तिथे नव्हतो. नायगावच्या मावशींनी फोन करून सांगितलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण स्वतःची खिडकी बघायला त्या अधूनमधून जात, तशा गेल्या होत्या. रिकामी चौकट बघून घरी परतल्या आणि पलंगपोसाचा एक जाड पडदा शिवून घेऊन आल्या. गिरगावच्यांनी फरशी पुसली. आपापल्या घरासमोरचं काम. ते मात्र नहेम्याचं खरं निघालं.

जालन्याची बाई आणि तिचा नवरा पुढच्या खेपेला तिथे राहिले. मी भेटायला गेलो नाही. माझ्याच्याने जाववलं नाही. बायको गेली. बाईने तिला माझी तब्येत विचारली आणि म्हणाली, "मालकांचा राग गेला, लई उपकार झाले." म्हणजे तिच्या हिशेबी अजूनही मीच बंद केली होती, आणि मीच उघडली. बायको म्हणाली, "मी सांगते तिला खरं काय ते." मी नको म्हटलं. माझ्या बायकोने सांगितलं तर ते माझंच सांगणं झालं. स्वतःची बाजू मांडणारा व्यापारी मी रोज बघतो. त्याचं कोण खरं मानतं?

पाळकांच्या मुलीचं लग्न झालं. निमंत्रण मोबाइलवर आलं, सगळ्यांना एकदम पाठवतात तसं. मी गेलो नाही. मोडक्या सिंहासनाला पाय लावला होता म्हणे.

मग एका दुपारी चिटणीस माझ्या कॉटन ग्रीनच्या वखारीत आला. इतक्या वर्षांत तो तिथे दोन-तीनदाच आला असेल. धुळीने त्याला खोकला येतो. दार आतल्या भिंतीला टेकवून उभं होतं, पल्ले दोन्ही, कुलूप अजून तसंच कडीत. तो त्याच्यासमोर उभा राहिला. मी चहा मागवला.

"तेल लावतोस वाटतं," तो म्हणाला.

"लावतो."

"गिऱ्हाइकं येत असतील."

"येतात. विकायचं नाही."

त्याने चहाचा घोट घेतला. "थंडी येईल रे. पडद्याने भागायचं नाही. आजारी माणसं असतात. दार बसव."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी आलोय." मग लहानपणी गोट्या बदलताना विचारायचा तसंच त्याने विचारलं, "बोल, काय घेशील?"

मी आयुष्यभर लोकांना हा प्रश्न विचारत आलो. मला कुणी विचारला की उत्तर तयार असतं, वर थोडं चढवून. त्या दिवशी चढवलं नाही. म्हटलं, "जालन्याच्या बाईला एक फोन कर. खोली कुणी बंद केली होती ते सांग. पाळकांचं नाव घेऊ नकोस, सजावटवाल्याचं घेऊ नकोस. फक्त मी नव्हतो, एवढं सांग. त्याच दिवशी मिस्त्रीला पाठवतो."

त्याने कप खाली ठेवला. दाराकडे पाहिलं, पितळी फुलांकडे. मला वाटलं, खिशातून फोन काढतो आता. त्याने रुमाल काढला, तोंड पुसलं.

"एवढ्याशा गोष्टीसाठी?" तो म्हणाला.

"एवढ्याशासाठीच."

"त्या बाईला काय फरक पडतो, कुणी बंद केली?"

तो उठला, पायाने लाकडाचा भुसा बाजूला करत बाहेर गेला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "गुडघा सांभाळ," आणि रस्ता ओलांडून गेला.

नहेम्याचं पुस्तक मोठ्या गमतीने संपतं. शेवटी लोकांनी त्याचे आभार मानले असं कुठेच नाही. तो देवाला म्हणतो, माझी आठवण ठेव. राजाकडे लाकूड मागणाऱ्याने, इतका कोट बांधूनही, शेवटी माणसांकडून काही मागितलं नाही. कदाचित तेव्हा त्याला कळलं असेल की आठवण ठेवण्याचा सौदा माणसांशी जमत नाही. मी अजून तिथवर पोचलो नाही. मी अजून माणसाकडूनच मागतोय.

पडद्यामागे माणसं झोपतात. परवा मावशींनी आतून दुसरा, गोधडीचा थर लावला. थंडीने काही बिघडणार नाही. दार वखारीत उभं आहे, कुलपासकट. चावी अजून चिटणीसाकडेच आहे, आणि त्या बाईचा नंबरही.